अमेरिकेतला फोन

गेल्या कोजागिरीला मी एक घंटा वाजवली, ती अजून कानातून जात नाही. देवघरातलीच छोटी पितळी घंटा. दूध आटून झालं होतं, वर चारोळ्या तरंगत होत्या, आणि न्यू जर्सीतली ऑक्टोबरची थंडी अशी की चंद्राला नैवेद्य दाखवून सगळे पाच मिनिटांत डेकवरून आत पळाले. शाली पांघरून, गरम पेले दोन्ही हातांत धरून मंडळी गालिच्यावर बसली आणि मुलांनी ‘पिरॅमिड’ मांडलं, इथल्या टीव्हीवरचा जुना खेळ. भिंतीवर सहा पुठ्ठे. तळाला तीन, मधे दोन, वर एक. प्रत्येकाच्या मागे एक विषय लिहिलेला. एकाने त्यात बसतील अशा गोष्टींची नुसती नावं सांगत जायची, दुसऱ्याने भिंतीकडे पाठ करून विषय ओळखायचा. सहांना मिळून ६० सेकंद. वर्णन करायचं नाही, व्याख्या सांगायची नाही, हातवारे करायचे नाहीत. सांगायला माझी आत्या, वय ८४, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. ओळखायला माझी मुलगी. टीव्हीवर सांगणाऱ्याचे हात खुर्चीच्या पट्ट्यांत अडकवलेले असत, म्हणून मुलांनी आत्याचे हात ओढणीने खुर्चीला सैलसर बांधले होते, कारण आत्याचे शब्द आधी हातातून येतात आणि मग तोंडातून. परीक्षक मी. या घरात तो कार्यक्रम सगळ्यांत जास्त मी बघितलाय.

चार पुठ्ठे झटपट सुटले. पाचव्यावर लिहिलं होतं, ‘आपण ज्यांची वाट बघतो अशा गोष्टी’. आत्या म्हणाली, “पोस्टमन.” मुलगी गप्प. “एसटी.” गप्प. “निकाल. वळीव.” मुलीच्या कपाळावर आठी. इथे जन्मलेल्या मुलीने पोस्टमनची वाट कधी बघावी, आणि वळवाची तरी कुठून? आत्याने डोळे क्षणभर मिटले आणि म्हणाली, “अमेरिकेतला फोन.” मुलीचं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मी घंटा वाजवली. ‘फोन’ चालला असता. ‘अमेरिकेतला’ हे वर्णन झालं. नियमात बसत नाही, विषय बाद. अजून ११ सेकंद होती, सहावा पुठ्ठा उघडायचा होता, बाद झालेला विषय सोडून पुढे खेळता येतं हेही तिला माहीत होतं. पण ती खेळली नाही. ओढणीतली तिची बोटं मिटली आणि ती ११ सेकंद आम्ही सगळ्यांनी शांतपणे जाऊ दिली.

“मला आलं होतं गं, आई,” मुलगी म्हणाली.

मी जानेवारी १९८३मध्ये या देशात आले. जर्सी सिटीतल्या आमच्या खोलीत रेडिएटर दिवसभर फुसफुसत असे, खिडकीच्या काचेवर आतून दव धरायचं आणि नवरा सातलाच आगगाडीने कामाला जायचा. सकाळी १० वाजता सीबीएस वाहिनीवर ‘२५,००० डॉलर पिरॅमिड’ लागे. आदल्याच सप्टेंबरात ते तिथे सुरू झालं होतं. मूळ खेळ त्याहून जुना, मार्च १९७३चा, तेव्हा बक्षीस १०,००० डॉलरचं. बॉब स्टुअर्ट नावाच्या निर्मात्याने तो रचला आणि डिक क्लार्क तो चालवत असे. खेळाच्या पहिल्या भागात दोन जोड्या. एक सामान्य स्पर्धक, एक नामवंत नट किंवा नटी. ३० सेकंदांत ७ शब्द. इथे वर्णन, हातवारे, काहीही करा, फक्त तो शब्द किंवा शब्दाचा तुकडा तोंडून येता कामा नये. आला की कोकिळेचं घड्याळ ‘कुकू’ करी. जिंकणारी जोडी मग त्या मोठ्या त्रिकोणापुढे बसायची. दिवे मंद, समोरासमोर दोन खुर्च्या, एकीला पट्टे. आणि तिथे अचानक सगळं उलट. आत्तापर्यंत वर्णनावर जगलेल्या माणसाला वर्णन बंद. आता फक्त यादी द्यायची.

मला इंग्रजी वाचता यायचं, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यात तुटायचं. या खेळात वाक्य लागतच नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं आणि मी त्याला चिकटले. एकदा चाळणी हवी होती. दुकानात चाळणीला काय म्हणतात ते आठवेना, आणि ‘भोकं असलेलं, पीठ खाली पडतं ते’ हे वाक्य जमेना. मग काउंटरपुढे उभं राहून मी नुसती नावं घेतली. पीठ, मैदा, रवा, पिठीसाखर. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मग मागे गेला आणि चाळणी घेऊन आला. त्या दिवशी बर्फातून घरी येताना ती तारेची चाळणी मी पिशवीत न ठेवता हातात धरून आणली होती. अजून आहे, कड वाकलीय, पण पुरणाशिवाय सगळं तिच्यातूनच चाळते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्या हा खेळ पहिल्या दिवसापासून, १९७३पासून बघत आलेल्या. त्यांच्याकडे टीव्ही मोठा होता म्हणून मी दहाला पाच मिनिटं कमी असताना खाली जायची. त्यांच्या खोलीत उकडलेल्या कोबीचा आणि कापराच्या मलमाचा वास असे. मांडीवर तारेच्या कडीची वही. तिच्यात त्या पैसे लिहीत नसत, निकाल लिहीत. कुठली सूचना परीक्षकांनी चालवली, कुठली बाद केली, कुठलं उत्तर ‘जवळपास’ म्हणून धरलं, कुठलं नाही. परीक्षक पडद्यावर कधी दिसत नसत. ऐकू यायचा फक्त त्यांचा भोंगा. आणि त्या न दिसणाऱ्या माणसांशी या बाई मोठमोठ्याने भांडायच्या. पुढे लक्षात आलं, हा खेळ मनापासून बघणारा प्रत्येक माणूस असाच भांडतो. कोण किती जिंकलं ते वर्षभरात विसरतात. चुकीचा भोंगा विसरत नाहीत. विनोदी नट बिली क्रिस्टलने १९७७मध्ये सहाही विषय अवघ्या २६ सेकंदांत सोडवून घेतले होते, तो विक्रम सगळे कौतुकाने सांगतात; पण आवाज चढतो तो अमक्या बिचाऱ्याला तमक्या सूचनेवर बाद केलं, त्याच्याबद्दल बोलताना.

भांडणाच्या जागा ठरलेल्या. एक, ओळखणाऱ्याचा शब्द किती जवळ यायला हवा? समजा विषय ‘फुगवायच्या गोष्टी’ आणि तो म्हणाला ‘हवा भरायच्या गोष्टी’. द्यायचं की नाही? मुख्य शब्द आला पाहिजे म्हणतात, पण मुख्य शब्द कुठला हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं नसतं. दुसरी जागा, सूचना यादीतली वस्तू आहे की विषयाचाच दुसरा शब्द? तिसरी सगळ्यांत दुखरी. ती इंग्रजीतल्या त्या छोट्या शब्दांची. ‘इन’, ‘ऑन’, ‘फ्रॉम’, ‘विथ’. वस्तूला त्यांची शेपटी लावली की यादीतून वर्णनात गेलात, भोंगा. ‘पाणी’ चालेल, ‘फ्रीजमधलं पाणी’ नाही. सुरुवातीच्या वर्षांत यात बरीच ढील होती, ८०च्या दशकात दोर आवळला गेला, नंतरच्या आवृत्त्यांत तर फारच. जुने भाग पुन्हा लागतात तेव्हा चाहते चित्र थांबवून हिशोब मांडतात, तेव्हा हे चाललं होतं मग आता का नाही? खालच्या बाईंचंही तेच म्हणणं. कडकपणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मंगळवारी चाललेलं गुरुवारी चालत नाही, यावर त्या वहीवर पेन्सिल आपटायच्या.

माझ्या नवऱ्याला हे सगळं फार वाटायचं, एवढं काय त्यात. पण त्या भोंग्यामागे या देशाची एक जुनी जखम आहे. १९५०च्या दशकात इथले कित्येक प्रश्नमंजुषांचे कार्यक्रम आतून ठरवलेले असत. ‘ट्वेंटी-वन’चा लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, समितीपुढे कबूल केलं की उत्तरं त्याला आधीच दिली जायची. पुढच्याच वर्षी असं काही ठरवून करणं कायद्याने गुन्हा झालं. ज्या बाईने तो विश्वासघात तरुणपणी आपल्या बैठकीच्या खोलीत बसून पाहिला, ती वही घेऊन बसणारच. आणि ज्यांच्यावर २५,००० डॉलरचा निर्णय आहे ते परीक्षक ढील देताना घाबरणारच. दोघांचंही मला पटतं. डिक क्लार्कचं एक मला फार आवडायचं. डाव हरला की तो हरलेल्यांजवळ जाऊन बसे आणि अडलेल्या विषयावर काय म्हणता आलं असतं ते अगदी हळू सांगे. आणि निकालात परीक्षकांचीच चूक झाल्याचं नंतर ध्यानात आलं, तर त्या स्पर्धकाला परत बोलावलं जाई. तो दिवस बाई वहीत लाल पेन्सिलीने लिहायच्या.

तर असा सगळा माझा अभ्यास. त्यावर माझा हात घंटेकडे गेला. क्षणभरही विचार करावा लागला नाही, आणि नंतर सलत राहिलं ते नेमकं हेच.

त्या रात्री वाद एक वाजेपर्यंत चालला. भाचा म्हणाला, नियम म्हणजे नियम. त्याची बायको मराठीची शिक्षिका होती पुण्याला, ती म्हणाली, कुठल्या भाषेचा नियम? ‘लग्नपत्रिका’ म्हटलं तर चालेल ना? चालेल. ‘लग्नाची पत्रिका’? मी गप्प. ‘देवघर’ चालेल, ‘देवाची खोली’ नाही? समास केला की वस्तू आणि विभक्ती लावली की वर्णन? मग तिने मला पेचातच धरलं. “कैरीचं लोणचं यादीत कसं सांगशील? इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की काम झालं. मराठीत ‘कैरी लोणचं’ कोण म्हणतं?” खरंच कोण म्हणतं? चा-ची-चे काढून घेतलं तर आपल्या स्वयंपाकघरातलं निम्मं सामान नाव गमावून बसेल. गव्हाची खीर, तांदळाची भाकरी, दुधी भोपळ्याचा हलवा, सगळ्यांवर घंटा. ‘-तला’चंही तेच. इंग्रजीत ‘फ्रॉम अमेरिका’ ही मागून जोडलेली शेपटी आहे, तोडता येते. आपल्याकडे ‘अमेरिकेतला’ पुढे येऊन वस्तूच्या अंगाला लागून उभा राहतो. मी दुसऱ्या भाषेच्या अंगाचा नियम आणून आत्याच्या तोंडावर ठेवला होता.

पण हेही खरं, की मग सीमा कुठे आखायची? ‘अंगणातला झाडलोट करणारा म्हातारा’ हेही पुढूनच येतं. तेवढं चालवलं तर यादी राहणार नाही, गोष्ट होईल. त्या रात्री झोप आली नाही तेव्हा मी एक कसोटी शोधून काढली. विशेषण उचलून बाजूला ठेवायचं आणि बघायचं, वस्तू जागेवर राहते का. लाल टोपीतलं ‘लाल’ काढलं तरी टोपी राहते. कैरीचं लोणचं यातून कैरी काढली तर बरणीत काय उरलं? खालच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कसोटी खेळाच्या आधी सांगायची असते, घंटा वाजवल्यावर नाही. बरोबर आहे त्यांचं.

न बोलता सांगण्याच्या बाबतीत आत्याला मी काय शिकवणार होते? आमच्या आजोबांचं नाव रामचंद्र. आजीने ते आयुष्यात उच्चारलं नाही, आणि त्या नावाचा तुकडाही नाही. थंडी सरताना बाजारात रामफळं येत. आजी म्हणायची, “सीताफळानंतर येतं ते आण.” संध्याकाळी शुभंकरोतीनंतर रामरक्षा आत्याने म्हणायची, आजी हात जोडून नुसती ओठ मिटून बसे. दारावर कुणी ‘राम राम’ घातला तर आजी फक्त मान लववी. साठ वर्षं तिच्या डोक्यात ती कोकिळा बसलेली, आणि ती एकदाही ‘कुकू’ करू शकली नाही. फक्त हळदीकुंकवाला, बायका अडवून धरायच्या तेव्हा, उखाण्यात घालून ती ते नाव घ्यायची; तेही मान खाली घालून, शेवटच्या ओळीत, भरभर. त्या घरात वाढलेल्या बाईला कुठल्या शब्दावाचून काय सांगता येतं आणि काय येत नाही, हे अचूक माहीत असतं.

आणि मी त्याच रात्री, वाद संपल्यावर, वर आणखी एक केलं. पेले विसळताना, डिक क्लार्कसारखंच, जवळ जाऊन हळू म्हणाले, “आत्या, नुसतं ‘ट्रंककॉल’ म्हणाली असतीस तर चाललं असतं बघ. एकच शब्द.”

आत्या शालीची घडी घालत होती. म्हणाली, “ट्रंककॉल कुणाच्या मरणाचाही येतो. त्याची कोण वाट बघतं?”

मग घडी मांडीवर ठेवून, माझ्याकडे न बघता, तिने ते सांगितलं. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. नंबर लावून वर्षं झाली होती. मला दिलेला पी.पी. नंबर, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर बोलावून घ्यायचा, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, माझ्या सकाळी १०ला, मी ऑपरेटरकडून तो लावून घ्यायची. तिकडे संध्याकाळचे साडेसात. तीन मिनिटं, कारण डॉलर मोजून असायचे. मला हे असंच आठवत होतं, इतकी वर्षं. पण इथली घड्याळं तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस एक तास मागे जायची. माझे १० तेच १० राहायचे. सांगलीत मात्र साडेआठ व्हायचे. हे मी कधी पत्रातून कळवलं नाही, माझ्या मनातच आलं नाही. “थंडीत तुझा फोन उशिरा यायचा,” आत्या म्हणाली. “मी सातला जाऊन बसायचे. साखरेच्या पोत्यावर. तो साडेआठला फळ्या लावायचा. एकेक फळी लावायचा आणि माझ्याकडे बघायचा. शेवटची फळी हातात धरून थांबायचा बिचारा.” ज्या रविवारी लाइन मिळाली नाही, ज्या रविवारी आम्ही कुणाकडे जेवायला गेलो आणि ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हटलं, त्या रविवारी ती शेवटची फळी किती वेळ त्याच्या हातात राहिली असेल, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पीतांबरी लावून घंटा घासली. जीभ धरून घासली, वाजू नये म्हणून. घासताना तोच शब्द डोक्यात. अमेरिकेतला फोन. ‘अमेरिकेतला’ बाजूला ठेवला तर काय उरतं? दुकानातलं एक काळं यंत्र, त्यावर गुळाच्या व्यापाऱ्याचे फोन यायचे, वाण्याच्या सासुरवाडीचे यायचे. तशा शंभर घंटा तिने पोत्यावर बसून ऐकल्या असतील आणि एकीसाठीही उठली नसेल. आत्या फोनची वाट बघत नव्हतीच. जिचं वर्णन केलं म्हणून मी तिला बाद केलं, ती तिच्या आयुष्यातली एक सबंध, न तुटणारी वस्तू होती. आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मी होते. मुलीला मी नंतर विचारलं, तुला कसं काय आलं एकदम? ती म्हणाली, “अगं, आजोबा नेहमी सांगायचे ना, फोन येईपर्यंत आत्या जेवायची नाही.” हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

मार्चात आत्या सांगलीला परत गेली. आता तिच्याकडे स्वतःचा मोबाइल आहे, चित्रासकट बोलता येतं, मिनिटं मोजावी लागत नाहीत. पहिल्या रविवारी सकाळी १०ला मी लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला आणि म्हणाली, “तुमचं घड्याळ पुढे गेलं वाटतं.” खरंच गेलं होतं. मग पाऊसपाण्याच्या, गुडघ्याच्या, दारच्या कढीपत्त्याच्या गप्पा झाल्या, आणि मी घसा साफ करून सांगितलं, “आत्या, कोजागिरीची ती घंटा माझी चुकली होती. अमेरिकेतला फोन चालतो.”

पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“मग माझी ११ सेकंद?”

“शिल्लक आहेत.”

“आणि तो वरचा पुठ्ठा? टाकला असशील.”

टाकला नव्हता. देवघराच्या खणात, घंटेच्या शेजारी उभा करून ठेवला होता. मी मुलीला हाक मारली. ती केस पुसत आली, काय ते समजली, आणि खुर्ची फिरवून फोनकडे पाठ करून बसली. मी पुठ्ठा उलटा करून पडद्यापुढे धरला. आत्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, जवळ वाकून वाचलं, ओठ हलले. मग ती मागे टेकली, दोन्ही हात स्वतःहून मांड्यांखाली सरकवले आणि म्हणाली,

“हं. लाव घड्याळ.”